तोवांगच्या बर्फामागचे पाणी

मी, प्यो मालसून, वय वर्षे अठ्ठावन्न, कैलासवासी ह्योन गीचॉल यांची पत्नी, राहणार सोकचो, मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीतले दुमजली घर, धंदा डोंगर चढणाऱ्यांच्या बुटांना नवे तळवे बसवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, माझ्या कामाच्या बाकावर बसून, पोटभर जेवल्यानंतर लिहीत आहे. कोणी माझ्या मागे लागलेले नाही, कोणी धमकावलेले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. याबाबतीत माझ्या मुलीचे मत वेगळे आहे, पण मृत्युपत्र माझे आहे.

उद्या पहाटे मी आणि गिल बोकनाम तोवांगचा गोठलेला धबधबा चढायला निघत आहोत. मोठ्या चढाईआधी प्रत्येकाने आपली वाटणी लिहून ठेवायची आणि सोबतच्या पाकिटात नखे व केसांची बट ठेवायची, ही आमच्या गिर्यारोहण मंडळाची जुनी रीत. देह सापडला नाही तर घरच्यांना निदान चिमूटभर काहीतरी जाळायला मिळावे, एवढाच त्यामागचा विचार. मी ही रीत बऱ्याचदा पाळली आहे. दर वेळी परत आल्यावर पाकीट शेगडीत टाकले आणि कागद फाडला. त्यामुळे मसुदा मला तोंडपाठ आहे. या खेपेला मात्र तो तसाच्या तसा उतरवता येत नाही, कारण माझी एकुलती एक मुलगी उनसोल पोटुशी आहे, वसंतात बाळंत होईल, आणि तिने मला फोनवर बजावले आहे, "तू वर गेलीस ना, तर बाळ झाल्यावर इकडे फिरकू नकोस. मी दार उघडणार नाही."

ती बोलते तसे करते. हा गुण तिने माझ्याकडून उचलला, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार.

कलम पहिले. वर नमूद केलेले घर, खालचे दुकान, वरच्या दोन खोल्या, गच्चीवरचे लोणच्याचे रांजण, तसेच बँकेत जी काही शिल्लक निघेल ती, हे सर्व उनसोलला मिळावे. माझा दीर ह्योन गीसू याचा या मिळकतीवर काडीचाही हक्क नाही. जागा आमच्या वडिलांनी घेतली होती, असे तो बाजारभर सांगत फिरतो. ते साफ खोटे आहे. आम्ही दोघांनी ती घेतली तेव्हा सासरे हयातही नव्हते.

गीसूचा राग मला जमिनीमुळे नाही. गीचॉल बोटींची इंजिने दुरुस्त करायचा. उंचीची त्याला इतकी भीती की घरातला दिवा बदलायला स्टुलावर मीच चढायची. असा माणूस एका साध्या सकाळी माकूळ घ्यायला रांगेत उभा असताना छातीत कळ येऊन गेला. अंत्यविधीच्या जेवणात, सगळी आळी तिखट रस्सा ओरपत असताना, गीसू मोठ्याने म्हणाला, "वहिनी डोंगरावर जायची आणि हा खिडकीत बसायचा. काळजीनंच खाल्लं माझ्या भावाला." कोणी त्याला गप्प केले नाही. मीही केले नाही. तो म्हणाला ते खरे असू शकेल. ते खरे असले तरी घरात त्याचा वाटा नाही.

गीचॉलने मला कधी "का जातेस" असे विचारले नाही. तो एवढेच विचारायचा, "उद्याचा भात किती जणांचा लावू?" मी "दोघांचा" म्हणायची. मग तो तोंड फिरवून तांदूळ धुवायला लागायचा. तो गेल्यापासून हा प्रश्न विचारणारे घरात कोणी नाही आणि मला तो अजून ऐकू यावासा वाटतो.

कलम दुसरे, हत्यारांबाबत. तळवे दाबायचे यंत्र, लाकडी फर्मे, रापी, आऱ्या, कानशी आणि रबराचा उरलेला माल बोकनामला द्यावा. ती माझ्यासारखी कारागीर नाही, चिकटवताना घाई करते, पण शिकेल. येथे एक अडचण आहे. बोकनाम उद्या माझ्याच दोराच्या दुसऱ्या टोकाला असणार. म्हणून हे कलम ती खाली आली आणि मी आले नाही, एवढ्यापुरतेच लागू समजावे. दोघीही आलो नाही तर हत्यारे वोनजूतल्या चर्मकला शाळेला द्यावीत आणि मी आले व ती आली नाही, तर हे मृत्युपत्र फाडायलासुद्धा माझ्यात त्राण असणार नाही.

दुकानाच्या मागच्या फळीवर काही बूट आहेत. त्यांना नवे तळवे बसवून झाले आहेत, नाड्या ओवल्या आहेत, पण न्यायला कोणी आले नाही. त्यातला एक हिरवा जोड आमच्या मंडळातल्या येओमचा. तो तळव्याला पुढे भोके पाडून आणायचा, कारण पाय टाकण्याऐवजी घासायचा. "मालसूनताई, यंदा नीट पाय टाकीन," असे म्हणून गेला आणि सोराक डोंगराच्या घळीत हिमकडा कोसळला तेव्हा तिथेच राहिला. बाकीच्यांच्या कहाण्या याहून वेगळ्या नाहीत. मेलेल्याचा बूट घालू नये असे आमच्यात मानतात. मी मानत नाही. ज्याच्या पायाला येईल त्याने खुशाल घालावा. मी जीव लावून बसवलेले तळवे फळीवर कुजायला ठेवायचे नाहीत.

कलम तिसरे. वरच्या खोलीत कपाटाच्या मागे, भिंतीला टेकवून, बाळंतिणीसाठीचे समुद्री शेवाळ ठेवले आहे. ते मी शरदात समुद्रकाठच्या बाईकडून निवडून आणले, माझ्या उंचीएवढे लांब आहे. ते दुमडायचे नाही, मोडायचे नाही, पिशवीत कोंबायचे नाही. बसमध्ये उभे धरून न्यायचे, लोक हसले तर हसू द्यावे. ते दुमडले तर बाळंतपण अडते, असे आई सांगायची. मी अशा गोष्टी मानत नाही म्हणून वर बुटांबद्दल लिहिले. शेवाळाबाबत मानते.

त्याचे सूप मी केले तर उत्तम. मी नसले तर शेजारची सुक्या मासळीवाली ओक चुनजा करील. तिला मीठ जास्त टाकायची खोड आहे, तेव्हा कोणीतरी जवळ उभे राहावे. शेवाळ आधी तिळाच्या तेलात परतायचे, मगच पाणी. उनसोलने मला दार उघडले नाही तरी चुनजाला उघडावे. निदान त्या दिवसांत रागावर उपाशी राहू नये.

कलम चौथे, माझ्या अंत्यविधीबाबत. फोटो ठेवायचा तो हातात बर्फाच्या कुऱ्हाडी घेतलेला ठेवू नये. कपाटाच्या वरच्या खणात गीचॉलबरोबर बंदरावर काढलेला आहे, त्यातला माझा चेहरा मोठा करून घ्यावा. डोळे अर्धे मिटले आहेत, चालेल. माझी राख डोंगरावर उधळू नये. डोंगर माझा नाही, मी त्याची कोणी लागत नाही. अस्थिगृहात गीचॉलच्या शेजारच्या कप्प्यात ठेवावी. इतके हिवाळे तो एकटा झोपला, आता तरी सोबत व्हावी.

मंडळाचे अध्यक्ष ताक म्यंगहो यांनी भाषण करू नये. त्यांनी यावे, रस्सा प्यावा, हवी तितकी सोजू दारू घ्यावी, जुनी गाणी म्हणावीत. पण उभे राहून काहीही बोलू नये. ताक दर वर्षी पर्वताच्या पूजेला डुकराच्या मुंडक्यापुढे हात जोडून जे बोलतात, तेच प्रत्येक मेलेल्याच्या फोटोपुढे बोलतात. "पर्वतानं त्याला बोलावलं." येओमच्या आईसमोरही हेच बोलले. ती म्हातारी उठून त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "मीपण बोलावत होते. जेवायला." त्या दिवसापासून मला हे वाक्य ऐकवत नाही.

ताकशी माझे जुने वैर आहे, तेही नोंदवते. तरुणपणी मंडळाची हिमालयात मोहीम ठरली, तेव्हा चढाईच्या यादीत मी आणि बोकनाम दोघींची नावे बसत होती. ताकांनी आम्हाला नेले, पण स्वयंपाकाला. तळावर आम्ही कोबीचे लोणचे वाटत बसलो होतो. एका सकाळी भात चुलीवर ठेवून आम्ही दोघी तंबूमागच्या बर्फाच्या कड्यावर चढलो. थोडेसेच चढायचे ठरले होते. वर पोहोचलो तेव्हा खाली भात करपून काळा झाला होता आणि ताक पातेले हातात घेऊन उभे होते. ते अजून बोलण्यात तोच करपलेला भात काढतात. आपण त्या मोहिमेत शिखरापर्यंत पोहोचलो नाही, हे मात्र कधी काढत नाहीत. आम्ही त्या दिवशी कड्यावरून खाली पाहून इतक्या हसलो होतो की बोकनामला उचकी लागली. तिला मी त्याच दिवसापासून ओळखते असे म्हटले तरी चालेल.

कलम पाचवे. यात मालमत्ता नाही. उनसोलने फोनवर विचारले, "मला एकदाच नीट सांग, का जातेस? ताककाकांसारखं भाषण नको." मी तेव्हा "पुन्हा करते फोन" म्हणून ठेवून दिला. उत्तर तिचे देणे लागते, म्हणून या दस्तऐवजात देत आहे.

मला आजवर कुठल्याही पर्वताने बोलावलेले नाही. मी न बोलावता जाते. मरण काय, कुठेही येते, असेही पुष्कळ जण म्हणतात आणि गीचॉलच्या मरणाचा दाखला देतात. हा युक्तिवाद मी करणार नाही. मासळी बाजारात रोज सगळे गाव जाते आणि संध्याकाळी घरी येते. तोवांगवर जाणारे आम्ही मोजके, आणि त्यातले किती घरी आले नाहीत ते माझ्या फळीवर दिसते. त्याशिवाय जगता येत नाही, हेही खोटे. गुडघा मोडला त्या हिवाळ्यात मी अजिबात गेले नाही. छान जगले. वजन वाढले.

मग खरे काय? खाली मी सतत चार ठिकाणी वाटलेली असते. तळवा चिकटवताना मला वीजबिल आठवते, वीजबिल भरताना उनसोलशी नीट बोलले नाही हे आठवते, आणि तिच्याशी बोलताना तळवा वाळला असेल का हे आठवते. वर तसे होत नाही. कुऱ्हाडीचे पाते चांगल्या बर्फात बसले की भरीव, बुजलेला आवाज येतो आणि हाताला कळते की हे धरले. मग दुसरा हात. मग बुटाचे काटे, एक पाय, दुसरा पाय. माझ्याकडून तेव्हा एकच गोष्ट हवी असते आणि ती मला करता येते. मला तिथे बरे वाटते. घरातल्यापेक्षा बरे वाटते. हे वाक्य आईने मुलीला सांगायचे नसते, म्हणून इतकी वर्षे मी मोकळी हवा, व्यायाम, बोकनामची सोबत अशी कारणे पुढे करत आले.

यावर उनसोल म्हणेल, मग सरावाच्या भिंतीवर जा. गेले आहे. खालच्या गावात नळ्यांनी पाणी सोडून बर्फाची भिंत करतात, वरून दोर बांधलेला, पडलात तरी लोंबकळायचे. तिथे अर्ध्यात गेले आणि मला आठवले की फ्रीजमधला मुळा आज संपवायला हवा. तोवांगवर मुळा आठवत नाही. मी मरायला जात नाही, हे देवाशप्पथ. पण जिथे मरता येते तिथेच माझे लक्ष पुरते लागते. हा माझ्यातला मोठा दोष असेल. डॉक्टरने त्यावर काही औषध दिलेले नाही, त्याने फक्त उजव्या खांद्याचे ऑपरेशन करायला सांगितले आहे. ते झाल्यावर कुऱ्हाड डोक्यावर उचलता येणार नाही. म्हणून माझा हा शेवटचा हिवाळा.

खरे लिहायलाच बसले आहे तर पुढचेही लिहिते. गेले काही हिवाळे धबधबा धड गोठलाच नाही. यंदा गोठला. राष्ट्रीय उद्यानाने चढाईची परवानगी उद्यापर्यंतच ठेवली आहे आणि परवापासून समुद्रावरून उबदार वारा येणार असे सांगतात. मी आणि बोकनाम पाहणीला गेलो होतो. खालचा टप्पा निळा, टणक, नजर लागेल असा. मधल्या टप्प्याशी मी कान लावला. बर्फामागून पाणी वाहत होते. पाणी दर वर्षी वाहते, पण खोलवर, लांबून. यंदा आवाज जवळचा होता. अशा ठिकाणी बर्फ खडकाला चिकटलेले नसते, नुसते उभे असते. धक्का लागला तर थोडके पडत नाही, सगळे एकदम पडते.

येथवर मजकूर झाला असता या मृत्युपत्रातील मुख्य लाभार्थी ह्योन उनसोल ही वोनजूहून बसने येऊन दुकानात जातीने हजर झाली. येणार असल्याचे तिने कळवले नव्हते. कोटाची बटणे पोटावर लागत नव्हती, आणि बसमध्ये कोणी उठून जागा दिली का, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते.

"काय लिहितेस?" तिने विचारले.

"तुझंच."

"बघू."

"पुरं व्हायचंय अजून."

"तुझं पुरं कधी होतं?" असे म्हणून तिने कागद उचलले आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून वाचायला लागली. मी शेगडी मोठी केली. एक बूट हातात घेतला आणि उगाच कानस फिरवत बसले. येओमच्या आईपाशी ती थांबली. मुळ्यापाशी हसेल असे मला वाटले होते, ती हसली नाही. शेवटच्या पानावर तिने मान वर केली.

"हे पाण्याचं खरंय?"

"मृत्युपत्रात कोण खोटं लिहितं?"

"बोकनाम मावशीला माहीत आहे?"

"तिनंच आधी ऐकलं. माझा डावा कान कामातून गेलाय."

"आणि काय म्हणाली?"

"पाणी तर दर वर्षी वाहतं, म्हणाली."

"तू काय म्हणालीस?"

"मी काहीच नाही म्हटलं."

उनसोलने कागद मांडीवर ठेवले. बाकावरचा माझा फोन वाजला. बोकनामचाच होता. उनसोलने तो उचलला आणि आवाज मोठा करून मधोमध ठेवला. बोकनाम माझ्याहून लहान, सवयीने मला ओन्नी, म्हणजे ताई, म्हणते.

"ओन्नी, चहाचा थर्मास तू घेणार का मी? तुझा गळतो म्हणून विचारलं."

"मावशी, मी उनसोल."

मग बोकनाम म्हणाली, "बाई गं. पोट कसं आहे?"

"पोट बरं आहे. मावशी, मधल्या टप्प्यावर पाणी ऐकलंस ना तू?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय... तुझ्या आईनं चेहरा असा केला की जशी काही शेजाऱ्याची मोरी वाहतेय. मला वाटलं, तिला काही वाटत नाहीये तर मी कशाला बोलू? मी नको म्हटलं तर जन्मभर मला भित्री म्हणेल. तुला माहीत नाही तिचं तोंड."

मी कानस खाली ठेवली. मीही अगदी हेच केले होते. बर्फाशी कान लावून दोघी शेजारी उभ्या होतो, दोघींनी ऐकले, आणि प्रत्येकीने दुसरीच्या चेहऱ्याकडे पाहून आपला चेहरा नीट केला. दोराच्या दोन टोकांना असेच होते. दुसरी नको म्हणेल याची आपण वाट पाहतो आणि दोघी तशाच वर जातो. मंडळात कितीतरी जण असे गेले असतील.

"बोकनाम," मी म्हटले, "भीती वाटतेय का?"

"वाटतेय. तुला?"

"वाटतेय."

"चांगलीच?"

"चांगलीच."

मला वाटते उनसोलची अशी समजूत झाली की आता सुटले, दोघी बोलल्या, संपले. मलाही क्षणभर तसेच वाटले.

"मग काय करायचं, ओन्नी?"

मी दाराच्या काचेतून बाहेर पाहिले. गल्लीच्या टोकाला सोराक दिसतो. आकाश स्वच्छ होते, वारा पडला होता, थंडी हवी तशी होती. असा दिवस मला पुन्हा मिळणार नाही.

"थर्मास तू घे," मी म्हटले.

"बरं," बोकनाम म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

उनसोल रडली नाही, ओरडली नाही. लहानपणी मी निघायच्या दिवशी ती माझे मोजे लपवून ठेवायची. आज तिने काही लपवले नाही. तिने हातमोजे काढले आणि हात शेगडीवर धरले. मग शांतपणे विचारले, "एक सांग. मधल्या टप्प्याखाली उभी राहिलीस आणि पुन्हा तसाच जवळून आवाज आला, तर परत फिरशील?"

हो म्हणणे सोपे होते. ती त्याचसाठी एवढा प्रवास करून आली होती. हो म्हटले असते तर ती वर जाऊन झोपली असती आणि वसंतात दारही उघडले असते. जिभेवर आलेही होते. पण उद्या ते खोटे ठरले, तर तिला माझ्या मागे राहिलेले शेवटचे बोलणे खोटे असेल, आणि ते तिला आयुष्यभर पुरेल.

"माहीत नाही," मी म्हटले. "आत्ता इथं शेगडीपाशी परत फिरावंसं वाटतंय. तिथं काय वाटेल ते माहीत नाही. फिरायचा प्रयत्न करीन. बोकनामला आधी विचारीन आणि चेहरा नीट करणार नाही. एवढंच सांगू शकते."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिले. रागाने नाही. दुकानात कोणी अनोळखी गिऱ्हाईक आले की मी त्याच्या बुटांकडे पाहते, तसे पाहिले, हा माणूस कसा चालतो ते ओळखायला.

कलम सहावे आणि शेवटचे, साक्षीदारांबाबत. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत म्हणे, पण मंडळाच्या रिवाजाला दोन लागतात. त्याचे दोन नियम आहेत. एकाच दोरावर चढणाऱ्यांनी एकमेकांच्या कागदावर सही करायची नाही, कारण मग साक्ष द्यायला खाली कोणी उरेलच याचा भरवसा नसतो. आणि ज्याला कागदातून काही मिळणार त्यानेही करायची नाही. चुनजाने दुपारी शिक्का मारला. वाचले नाही. म्हणाली, "वाचून काय करू? परवा तूच फाडणार." दुसरी जागा रिकामी होती. ताकांना मी काहीच ठेवलेले नसल्याने नियमात तेच बसत होते आणि त्यांनी दोनदा फोन करून तयारीही दाखवली. त्यांची सही असलेल्या कागदावर मरणे मला मान्य नाही.

रिकाम्या जागेवर बोट ठेवून उनसोलने विचारले, "इथं कोण?"

"कोणी नाही मिळालं. राहू दे."

"मी करते."

"तुला नाही चालणार. तुला मिळायचंय सगळं." मी तिला दुसरा नियम पुन्हा समजावून सांगितला. सही केलीस तर घर, दुकान, बँकेतले, यातले या कागदाने तुला काहीच मिळणार नाही.

"काहीच नाही? नक्की?"

"नक्की."

"आण ते पेन इकडे."

मी पेन दिले. वकील म्हणेल, ती एकुलती एक, तिला कायद्याने मिळायचे ते मिळणारच. मिळो. तिला ते ठाऊक होते की नाही हे मी विचारले नाही. लिहिताना तिने मला कागद पाहू दिला नाही. एक हात आडवा धरला होता, शाळेत धरायची तसा.

उपरोक्त सर्व मजकूर मी स्वतः लिहिला आहे, त्यात खाडाखोड नाही, आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

ठिकाण: सोकचो, मासळी बाजारामागची गल्ली, बूट दुरुस्तीचे दुकान
दिनांक: १९ जानेवारी २०२४

मृत्युपत्र करणार: प्यो मालसून (शिक्का)

साक्षीदार पहिली: ओक चुनजा, सुकी मासळी विक्रेती, शेजारीण (शिक्का)

साक्षीदार दुसरी, स्वतःच्या अक्षरात:

मी, ह्योन उनसोल, प्यो मालसूनची मुलगी. आईनं मला हे सगळं द्यायचं ठरवलं होतं. मला यातलं काही नको. उद्या दिवसभर मी दुकानात बसणार आहे. तू ये.